युद्धकाळातले ब्रिटिश माहितीपट: आधी फूट मोजा, मग अर्थ लावा

विचारणा थोडक्यात अशी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या आणि त्यानंतरच्या ब्रिटिश सरकारी माहितीपटांवर काम करायचं आहे. इंटरनेटवर शेकडो फिल्म्स एकाखाली एक दिसतात, पण कोणती कधीची, कोणी केलेली आणि कोणासाठी, हे कळत नाही. काही बघून हसू येतं, काही थक्क करतात. त्या ओळखायच्या कशा, वापरताना काय सांभाळायचं, आणि त्यांचा खरंच उपयोग झाला का? शिवाय १६ मिमीची एक जुनी प्रत हाताशी आहे, तिचं काय करायचं?

सगळ्यात आधी फिल्मची लांबी लिहून काढा, आणि तीही फुटांत. त्या काळी फिल्म मागवली जायची, मंजूर व्हायची आणि दाखवली जायची ती फुटांच्या हिशेबाने. चित्रपटगृहातल्या ३५ मिमी रुंद फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम असतात. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर मिनिटाला ९० फूट झाले. १६ मिमीच्या एका फुटात ४० फ्रेम बसतात, म्हणून तिथे मिनिटाला ३६ फूट. हे दोन आकडे पाठ असू द्या. एक फसगत मात्र ध्यानात ठेवा: युरोपातल्या डीव्हीडी आणि टीव्हीवरून घेतलेल्या प्रती बहुतेक वेळा सेकंदाला २५ फ्रेमने चालवलेल्या असतात. तिथे ५ मिनिटांची फिल्म ४ मिनिटं ४८ सेकंदांत संपते आणि निवेदकाचा आवाज किंचित चढा लागतो. अशा प्रतीचा वेळ जसाच्या तसा नोंदवला की ‘१२ सेकंद कापले गेलेत’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात. काहीही कापलेलं नसतं.

लांबी कळली की फिल्म कुठे दाखवली गेली ते जवळजवळ कळतंच, आणि ते कळलं की तिचा सूर तसा का आहे याचा उलगडा होतो.

२२-२३ फूट म्हणजे १५ सेकंद. एवढ्या तुकड्याला श्रेयनामावली नसते आणि तो सुटा दाखवण्यासाठी केलेलाच नसतो. अन्न मंत्रालयाचे ‘फूड फ्लॅश’ साधारण या मापाचे. ते न्यूजरीलच्या, म्हणजे मुख्य चित्रपटाआधी दाखवल्या जाणाऱ्या बातम्यांच्या फिल्मच्या, शेपटीला जोडलेले असत. ब्रिटनमध्ये तेव्हा पाच न्यूजरील कंपन्या होत्या (मूव्हीटोन, गोमाँ, पाथे, पॅरामाउंट, युनिव्हर्सल) आणि प्रत्येकीची नवी रीळ आठवड्यातून दोनदा निघे. म्हणजे संदेश झटपट पसरे, आणि लवकर शिळाही होई. पंधरा सेकंदांत नवं काही शिकवता येत नाही. प्रेक्षकाला अर्धंमुर्धं ठाऊक असलेली एकच गोष्ट पुन्हा टोचता येते: पाव वाया घालवू नका, बटाटा खा, कारण गहू जहाजाने येतो आणि बटाटा शेजारच्या शेतातून. आज हे तुकडे ओळीने वीस बघितले तर डोकं उठतं. तसे ते बघायचे नव्हतेच. आफ्रिकेतल्या लढाईची दृश्यं संपली, मुख्य चित्रपट अजून सुरू व्हायचा आहे, लोक खुर्चीत चुळबुळ करताहेत, त्या फटीत हा एक तुकडा.

शंभर ते दोनशे फुटांचा तो ट्रेलर. एक ते सव्वादोन मिनिटं. शिंकताना रुमाल धरा, गॅस जपून वापरा, रस्ता नीट ओलांडा, हा सगळा माल या मापातला.

४५० फूट म्हणजे पाच मिनिटं. १९४०च्या उन्हाळ्यापासून माहिती मंत्रालयाने दर आठवड्याला अशी एक फिल्म काढायला सुरुवात केली. चित्रपटगृहांच्या मालकांच्या संघटनेशी बोलणं होऊन ती फुकट दाखवायचं ठरलं. १९४२च्या अखेरीस हा प्रकार थांबला आणि त्याऐवजी महिन्याला एक, पंधरा मिनिटांची फिल्म आली. म्हणजे १,३५० फूट. हजार फुटांच्या डब्यात न मावणारी, दोन रिळांची. बदल योग्यच होता, असं माझं मत. आठवड्याला एक म्हणजे वर्षाला ५२ फिल्म्स. त्या वेगाने सगळ्याच चांगल्या निघणं शक्य नव्हतं.

आता साल ठरवण्याबद्दल. बहुतेकांची इथे चूक होते, खरं तर काम सोपं आहे. सुरुवातीच्या पाट्यांवर कोणत्या खात्याचं नाव आहे ते वाचा. ‘जीपीओ फिल्म युनिट’ असेल तर १९३३ ते १९४०. हे टपाल खात्याचं युनिट. ब्रिटिश माहितीपटाचा प्रणेता जॉन ग्रीअरसन याने एम्पायर मार्केटिंग बोर्ड या सरकारी मंडळात सुरू केलेलं काम बोर्ड बंद पडल्यावर इकडे आलं. १९४०मध्ये ते माहिती मंत्रालयाकडे गेलं आणि ‘क्राउन फिल्म युनिट’ झालं. ते १९५२मध्ये बंद पडलं. ‘माहिती मंत्रालय’ असेल तर सप्टेंबर १९३९ ते मार्च १९४६. ‘सेंट्रल ऑफिस ऑफ इन्फर्मेशन’, म्हणजे सीओआय, असेल तर १ एप्रिल १९४६च्या पुढची. हे कार्यालय २०१२पर्यंत चाललं, त्यामुळे एवढ्याने भागत नाही. मग ज्या खात्यासाठी फिल्म केली त्याचं नाव बघा. गृहसुरक्षा मंत्रालय १९४५ला संपलं. इंधन व ऊर्जा मंत्रालय १९४२ला जन्मलं आणि १९५७पर्यंत त्या नावाने राहिलं. नगर व ग्राम नियोजन मंत्रालय १९४३ ते १९५१. राष्ट्रीय विमा मंत्रालय १९४४ ते १९५३. अन्न मंत्रालय १९३९ ते १९५५. दोन नावं एकमेकांवर ठेवली की दहा वर्षांचा घोळ तीन वर्षांवर येतो.

पाट्या कापलेल्या असतील तर रस्ता बघा. गाडीच्या दिव्यावर झाकण आणि फुटपाथच्या कडेला पांढरा रंग असेल तर ब्लॅकआउटचा काळ. आगगाडीवर जुन्या चार कंपन्यांपैकी कुणाचं नाव ताजं दिसत असेल तर १९४७ किंवा त्याआधीची, कारण १ जानेवारी १९४८ला रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं. कोळसा खाणीवर राष्ट्रीय मंडळाची पाटी असेल तर १ जानेवारी १९४७नंतरची. पादचारी मार्गावर पट्टे नसून नुसते खिळे आणि गोल दिव्याचे खांब असतील तर १९५१च्या आधीची. झेब्रा पट्टे त्या वर्षी रूढ झाले. अग्निशमन गाडीवर एनएफएस (नॅशनल फायर सर्व्हिस, म्हणजे राष्ट्रीय अग्निशमन दल) असेल तर १९४१ ते १९४८.

मात्र रस्ता बघून ठरवताना एक खड्डा आहे. यातल्या कितीतरी फिल्म्समधले प्रसंग पुन्हा घडवून आणलेले आहेत. ‘फायर्स वेअर स्टार्टेड’ हे दिग्दर्शक हम्फ्री जेनिंग्जचं १९४३चं काम घ्या. लंडनवरची मोठी बॉम्बफेक सप्टेंबर १९४० ते मे १९४१ची, आणि चित्रण झालं १९४२मध्ये. आगवाले खरे, नळ खरे, आग मात्र गोदीतल्या पडक्या गोदामांत मुद्दाम लावलेली. चित्रीकरण चालू असताना सहायक अग्निशमन दल राष्ट्रीय दलात विलीनही झालेलं होतं. फिल्म मात्र जुन्या दलाची गोष्ट सांगते. आजही टीव्हीवरच्या कार्यक्रमांत याच फिल्ममधल्या ज्वाळा ‘१९४०ची प्रत्यक्ष दृश्यं’ म्हणून बिनदिक्कत लावल्या जातात. ओळखायची खूण सोपी: कॅमेरा आगीच्या योग्य बाजूला आधीच उभा असेल, आणि एकच कृती दोन कोनांतून दिसत असेल, तर ती घडवून आणलेली आहे. खऱ्या हल्ल्यात दुसरा कोन मिळत नाही. ‘टार्गेट फॉर टुनाइट’ या बॉम्बफेकी विमानांवरच्या फिल्ममधलं विमानदळ खरं, वैमानिक खरे, पण ज्या जर्मन ठिकाणावर बॉम्ब पडतात ते गाव काल्पनिक. यात फसवणूक शोधू नका. प्रसंग पुन्हा घडवणं हा तेव्हाच्या माहितीपटाचा मान्य मार्ग होता, आणि कॅमेऱ्यांपुढे दुसरा पर्यायही कमीच होता.

तो कॅमेरा कसा होता हेही जाणून घ्यायला हवं, कारण फिल्मची लय त्यातून आली. बाहेरच्या चित्रणासाठी न्यूमन-सिंक्लेअर हा चावीचा कॅमेरा फार वापरात होता. त्यात २०० फूट ३५ मिमी मावे, म्हणजे सव्वादोन मिनिटांहून जरा कमी. विजेची गरज नाही, पण आवाज नोंदवायची सोयही नाही. त्यामुळे बहुतेक फिल्म्स मुक्या चित्रित होत आणि निवेदन, संगीत, पावलांचे आवाज नंतर बसवले जात. माणूस पडद्यावर ओठ हलवताना दिसला की समजा, स्टुडिओ होता किंवा आवाजाची गाडी सोबत होती, म्हणजे पैसे जास्त होते. पाठमोरी माणसं, हातांचे क्लोज-अप आणि सलग निवेदन दिसलं तर काटकसर.

सलग निवेदन हीच या फिल्म्सची सर्वांत मोठी खोड. इंग्रजी निवेदक मिनिटाला दीडशे शब्द आरामात बोलतो, म्हणजे पाच मिनिटांत साडेसातशे. वाईट फिल्ममध्ये ते साडेसातशे खरोखर असतात. चांगलीत पाचशेच्या आत, आणि नेमक्या कृतीच्या वेळी निवेदक गप्प. मोजून बघा, फरक कानाला आधी कळतो. टोक गाठलं ते ‘लिसन टू ब्रिटन’ने (१९४२, जेनिंग्ज आणि संकलक स्टुअर्ट मॅकअॅलिस्टर): वीस मिनिटांत निवेदनच नाही, कारखाना, नाचघर, पियानो, आगगाडी यांचे आवाज एकमेकांत विणलेले. मंत्रालयाच्या मंडळींना धास्ती वाटली असावी, कारण प्रतींना सुरुवातीला लेनर्ड ब्रॉकिंग्टन या कॅनडियन गृहस्थाचं प्रास्ताविक जोडलेलं सापडतं. ते भाषण असलेली प्रत आणि नसलेली प्रत या दोन वेगळ्या नोंदी कराव्यात.

आवृत्त्यांचा हा प्रश्न सगळीकडे आहे. ‘लंडन कॅन टेक इट’ १९४०च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन प्रेक्षकांसाठी तयार झाली. निवेदक क्वेंटिन रेनॉल्ड्स हा अमेरिकन पत्रकार. एका तटस्थ वार्ताहराने पाठवलेलं पत्र असा तिचा आव. घरच्या प्रेक्षकांसाठी तिचीच लहान आवृत्ती निघाली, ‘ब्रिटन कॅन टेक इट’. नाव बदलायचं कारण उघड आहे: बॉम्ब एकट्या लंडनवर पडत नव्हते, आणि कॉव्हेंट्री-लिव्हरपूलच्या माणसाने ‘लंडन सोसतं’ एवढंच का ऐकावं? ‘फायर्स वेअर स्टार्टेड’चीही ‘आय वॉज अ फायरमन’ नावाची लांब आवृत्ती आहे. उद्धृत करताना नाव, साल आणि फूट, तिन्ही लिहिलं नाही तर पुढचा माणूस भलतीच फिल्म बघेल.

आता दोन लहान फिल्म्स जवळून बघू, कारण कसब तिथे आहे. मोठ्या फिल्म्सवर पुष्कळ लिहिलं गेलंय.

‘कफ्स अँड स्नीझेस’, १९४५, आरोग्य मंत्रालयासाठी. करणारा रिचर्ड मॅसिंगहॅम, पेशाने आधी डॉक्टर. १९३८ला त्याने स्वतःची कंपनी काढली आणि १९५३ला मरेपर्यंत असल्याच फिल्म्स केल्या, बहुतेकांत स्वतःच तो गोलमटोल गोंधळलेला माणूस झाला. फिल्म दीड मिनिटाच्या आतली. सूक्ष्मदर्शक नाही, जंतूंची आकृती नाही, डॉक्टरचा पांढरा कोट नाही. सुरुवातीला नुसती रस्त्यावरची त्रासदायक माणसं दिसतात. निवेदक म्हणतो, ही निरुपद्रवी. पण हा बघा, हा घातक. आणि मॅसिंगहॅम मोकळ्या तोंडाने शिंकतो. मग निवेदकाचा आवाज त्याला पकडतो आणि मिरपूड उधळून पुन्हा पुन्हा शिंकायला लावतो, रुमाल वेळेवर नाकाशी येईपर्यंत. कवायत, दुसरं काही नाही. प्रेक्षकाला कुणी उपदेश करत नाही. रागावलं जातं ते पडद्यावरच्या बावळटावर, आणि प्रेक्षक आपोआप निवेदकाच्या बाजूला जाऊन बसतो. शिकवायची गोष्ट एकच हालचाल, आणि तीच तीन-चारदा दिसते. आजही आरोग्याची फिल्म करणाऱ्याने या ट्रेलरचा शॉट-दर-शॉट तक्ता करावा. एका दुपारचं काम आहे.

त्याचीच १९४२ची ‘फाइव्ह-इंच बादर’ही बघा. इंधन वाचवायला टबात पाचच इंच पाणी घ्या, एवढाच निरोप. पाच इंच म्हणजे वीतभरही नाही. ढेरपोट्या माणूस त्या पाण्यात बसल्यावर काय होणार हे सांगावं लागत नाही. आकडा डोक्यात राहतो तो त्या पोटामुळे.

याच्या उलट ‘मिस ग्रँट गोज टू द डोअर’, १९४०. शिंकेच्या त्या कवायतीपेक्षा कितीतरी जास्त वेळ. फ्रान्स पडलेलं, आक्रमण कधीही होईल अशी हवा. दोन बहिणींच्या घरी ब्रिटिश अधिकाऱ्याच्या वेषात एकजण येतो, नकाशा मागतो, आणि ‘जार्विस’ या गावाच्या नावाचा उच्चार ‘यार्विस’ करून पकडला जातो. उत्कंठा छान साधलीय. पण शिकवायचं होतं बरंच काही: घर सोडून पळू नका, नकाशे दडवा, सायकल निकामी करा, अनोळखी माणसाला वाट सांगू नका. प्रेक्षकाच्या लक्षात राहतो तो ‘यार्विस’. म्हणजे जर्मन हेर उच्चारावरून ओळखता येतो, हा धडा. मंत्रालयाला नेमका तोच द्यायचा नव्हता. चांगला उच्चार असलेला हेर आला तर? गोष्ट सूचनेपेक्षा जोरदार झाली की असं होतं. ही चूक आपल्याकडच्या जनजागृतीच्या लघुपटांतही रोज दिसते: शेवटी रडणारी आई आठवते, हेल्पलाइनचा नंबर आठवत नाही.

चित्रपटगृहाबाहेरचं जाळं कमी दिसतं, कारण त्या फिल्म्स आज कुणी फारशा बघत नाही. मंत्रालयाकडे १६ मिमी प्रोजेक्टर घेऊन फिरणाऱ्या गाड्या होत्या. दिवसा कारखान्याच्या कँटीनमध्ये, संध्याकाळी गावच्या सभागृहात किंवा महिला मंडळात. शिवाय सेंट्रल फिल्म लायब्ररीतून शाळा-संस्थांना प्रती फुकट मिळत. ४०० फुटांची १६ मिमी रीळ म्हणजे ११ मिनिटं. जेवणाच्या अर्ध्या तासात अशा दोन रिळा बसतात, मध्ये रीळ बदलायला वेळ धरून. ‘हाऊ टू डिग’सारखी बागायतीची फिल्म या प्रेक्षकांसाठी केलेली, रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या मदतीने. फावडं कुठे रोवायचं, चर किती खोल, वरची माती कुठे टाकायची, सगळं संथ. चित्रपटगृहात लोकांनी जांभया दिल्या असत्या. गावात शेजारी बागकाम जाणणारा माणूस उभा असे आणि फिल्म संपली की प्रश्न घेई. ही फिल्म ‘कंटाळवाणी’ म्हणून बाजूला टाकणं म्हणजे पाकक्रियेच्या वहीला कथानक नाही म्हणून नावं ठेवण्यासारखं.

युद्ध संपल्यावर काम अवघड झालं, सोपं नाही. आधी खलनायक तयार होता. १९४६नंतर तो गेला आणि टंचाई तशीच राहिली. पावावर तर रेशन युद्ध संपल्यावर आलं, जुलै १९४६ला. मग दोष कुणाला द्यायचा? फिल्म करणाऱ्यांनी उत्तर शोधलं ते म्हणजे प्रेक्षकासारखाच एक कुरकुऱ्या माणूस. जॉन हालास आणि जॉय बॅचलर यांच्या स्टुडिओने सीओआयसाठी ‘चार्ली’ नावाचं कार्टून केलं, सात फिल्म्सची मालिका. ‘चार्ली इन न्यू टाउन’ नव्या वसवलेल्या नगरांबद्दल, ‘युअर व्हेरी गुड हेल्थ’ ५ जुलै १९४८ला सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेबद्दल. चार्ली सायकलवरून जाता जाता निवेदकाशी हुज्जत घालतो: मला काय गरज, माझं बरं चाललंय. निवेदक म्हणतो, समज, आत्ता पडलास तर? आणि चार्ली पडतो. कायद्याची कलमं समजावण्याचा याहून सोपा मार्ग त्या काळात मला तरी दिसलेला नाही. पण कार्टूनची अडचण वेळेची. एक चित्र दोन फ्रेमना वापरलं तरी सेकंदाला १२ चित्रं, आठ मिनिटांची फिल्म म्हणजे ५,७६० चित्रं. धोरण अंमलात यायच्या कितीतरी आधी पटकथा पक्की व्हायला हवी. मधेच मंत्र्याचं मन बदललं की सगळं फुकट. शोधताना आणखी एक गोंधळ होतो. १९७३च्या ‘चार्ली सेज’मधलं मांजर वेगळं, मुलांनी अनोळखी माणसाबरोबर जाऊ नये, काड्यापेटीशी खेळू नये असं सांगणारं, टीव्हीसाठीचं. दोघांची नावं सारखी, काळात पंचवीस वर्षांचं अंतर.

टीव्हीवरचे हे ‘फिलर’ हा स्वतंत्र विषय आहे. इथे एवढंच की त्यांची जागा कार्यक्रमांमधली उरलेली फट होती, म्हणून एकच फिलर वर्षानुवर्षं लागे आणि पाठ होई. ‘प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह’ ही अणुहल्ल्यात काय करावं हे सांगणारी १९७०च्या दशकातली वीस लघुफिल्म्सची मालिका तर हल्ल्याची घटका आली तरच दाखवायची होती. म्हणजे जागा ठरलेली, आणि ती जागा कधी आलीच नाही.

तर उपयोग झाला का? एकट्या फिल्मचा परिणाम मोजता येत नाही, आणि मोजला असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. घटसर्पाचं उदाहरण नेहमी दिलं जातं. लस टोचून घ्या ही मोहीम १९४०च्या सुमारास जोरात सुरू झाली. पोस्टर, रेडिओ, फिल्म, सगळं. ब्रिटनमध्ये १९४०ला ६१ हजारांवर रुग्ण आणि ३,२८३ मृत्यू होते. १९५७ला ३८ रुग्ण आणि ६ मृत्यू. पण हे श्रेय लसीचं, आणि ती फुकट आणि जवळ मिळाली याचं. फिल्मने आईला दवाखान्याच्या दारापर्यंत आणलं असेल. दार बंद असतं तर दुसऱ्यांदा ती आली नसती. उलट ज्या फिल्म्सनी मागितलेली गोष्ट दुकानात मिळतच नव्हती त्यांच्यावर लोक चिडत. तेव्हाचं लोकमत वाचायचं असेल तर मास ऑब्झर्व्हेशन या संस्थेच्या नोंदी बघा. तिचे निरीक्षक चित्रपटगृहात बसून प्रेक्षक कुठे हसले, कुठे कुजबुजले ते लिहून ठेवत. फिल्मबद्दल फिल्मवाल्यांनी लिहिलेल्या आठवणींपेक्षा त्या जास्त भरवशाच्या.

आपल्याशी असलेला धागा इथेच सांगतो. १९४०ला मुंबईत फिल्म अॅडव्हायझरी बोर्ड निघालं, त्यासाठी अलेक्झांडर शॉ हा ब्रिटिश माहितीपटकार आला. त्याच्यानंतर काही काळ व्ही. शांताराम आणि मग एझ्रा मीर यांनी निर्मितीची धुरा घेतली. १९४३ला इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया आलं, आणि त्याच वर्षी भारत संरक्षण नियमांखाली प्रत्येक थिएटरला सरकारमान्य फिल्मचे २,००० फूट दाखवणं सक्तीचं झालं. २,००० फूट म्हणजे २२ मिनिटं. ब्रिटनमध्ये १९४२पर्यंत आठवड्याला पाच मिनिटं, तीही मालकांच्या संमतीने. इथे सक्तीने चौपट. परक्या सरकारच्या युद्धासाठी. प्रेक्षक बाहेर विडी ओढायला जात असतील तर त्यात नवल नव्हतं. १९४६ला हे बंद झालं, आणि १९४८ला त्याच मुंबईत फिल्म्स डिव्हिजन उभं राहिलं, सक्तीच्या प्रदर्शनाची सवय वारशाने घेऊनच.

हक्कांबद्दल. सरकारी युनिटने १९५७च्या आधी केलेल्या बऱ्याच ब्रिटिश फिल्म्सवरचा राजसत्तेचा कॉपीराइट पन्नास वर्षांनी संपलेला आहे. पण सगळ्या फिल्म्स सरकारी युनिटच्या नव्हत्या. मंत्रालयाने खासगी कंपन्यांकडूनही काम करून घेतलं, आणि संगीतावरचा, लिहिलेल्या मजकुरावरचा हक्क वेगळा असू शकतो. शिवाय हक्क संपला तरी चांगली प्रत ज्याच्याकडे आहे तो तिचे पैसे घेऊ शकतो. युद्धकाळातल्या फिल्म्ससाठी इम्पीरियल वॉर म्युझियम, सीओआयच्या फिल्म्ससाठी बीएफआयचं (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट) संग्रहालय, ही दोन दारं. दाखवण्याआधी त्यांना फिल्मच्या नाव-सालासकट विचारा.

हातातली १६ मिमीची प्रत. १६ मिमी जवळजवळ नेहमीच सेफ्टी फिल्मवर, म्हणजे सहज पेट न घेणाऱ्या फिल्मवर, निघाली, त्यामुळे ती भडकणार नाही. ३५ मिमीचा जुना डबा मात्र उघडू नका. १९५०च्या आसपासपर्यंतचा तो नायट्रेटचा असू शकतो, आणि नायट्रेट पेटलं की पाण्याखालीही जळतं. थेट संग्रहालयाला कळवा.

१६ मिमीच्या डब्याला व्हिनेगरचा वास येत असेल तर अॅसिटेट, म्हणजे सेफ्टी फिल्मचा प्लास्टिकसारखा पाया, कुजू लागलंय. तो डबा बाकीच्यांपासून वेगळा ठेवा, घट्ट बंद करू नका, आणि मुंबईच्या पावसाळ्यात तळमजल्यावरच्या कपाटात तर मुळीच नको. मग आकसलेपण मोजा: फिल्म सपाट पसरून १०० छिद्रांमधलं अंतर घ्या. मूळ माप ७६२ मिमी. ७५५-७५४ मिमी भरलं म्हणजे जवळपास एक टक्का आकसली. अशी फिल्म दात्यांच्या प्रोजेक्टरवर चढवली की छिद्रं फाटतात. दाते नसलेला, रुळांवर चालणारा स्कॅनर लागेल. सांधे पिवळे पडून सुटत असतील तर आधी नवे करून घ्या. दोन्ही कडांना छिद्रं असतील तर ती मुकी प्रत. एकाच कडेला असतील तर दुसरीकडे आवाजाची पट्टी असते, आणि तो आवाज चित्राच्या २६ फ्रेम पुढे छापलेला असतो. म्हणून मध्येच तुटून जोडलेल्या जागी एक सेकंद आवाज आणि चित्र जुळत नाही; तो दोष स्कॅनरवाल्याचा नव्हे.

कडेवर कोडॅकची खूण शोधा: गोल, चौकोन, त्रिकोण यांच्या जोड्या. त्यावरून फिल्म तयार झाल्याचं साल कळतं, पण खुणा वीस वर्षांनी पुन्हा येतात आणि ब्रिटनमध्ये बनलेल्या फिल्मचा तक्ता अमेरिकेतल्यापेक्षा वेगळा आहे. हे साल प्रतीचं, चित्रणाचं नाही. १९४२ची फिल्म १९६२ला छापलेली निघू शकते. कधी दोन खुणा दिसतात, एक काळ्यात पांढरी आणि एक पांढऱ्यात काळी. त्यातली एक निगेटिव्हवरून छापून आलेली. स्कॅन करायला देताना फ्रेमच्या बाहेरची कडही टिपायला सांगून ठेवा, नाहीतर ते चित्राचा चौकोन कापून देतात आणि या खुणा फाइलमध्ये येतच नाहीत.